रानट्यूलिपला हवा कोरडा उन्हाळा

दक्षिण कझाकस्तानात, तिएन शान पर्वताच्या पश्चिम टोकाला, अक्सू-झबागली हे त्या देशातलं सर्वांत जुनं अभयारण्य आहे; १९२६ सालचं. जानेवारीत तिथले उतार बर्फाखाली असतात. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागतं आणि माती खोलवर भिजते. एप्रिलमध्ये त्याच उतारांवर ट्यूलिप फुलतात: तांबडे, पिवळे, केशरी, कुणी न लावलेले, कुणी पाणी न घातलेले. मे सरेपर्यंत त्यांची पानं पिवळी पडून वाळून जातात. जुलैत तिथे पाहाल तर करपलेलं गवत आणि तापलेले दगड. पायथ्याच्या टेकड्यांवर पारा पस्तिशीच्या वर चढतो आणि पाऊस जवळजवळ नसतो. ट्यूलिप मात्र मेलेला नसतो. वीतभर खोल, कोरड्याठाक मातीत त्याचा कंद पुढच्या वर्षाचं फूल घडवत असतो.

रानट्यूलिप बागेत कसा सांभाळायचा, याचं उत्तर या वर्षचक्रातच आहे. कडक थंडी, वसंतात भरपूर ओल आणि त्यानंतर तीन-चार महिने कोरडा, तापलेला उन्हाळा. ट्यूलिपला थंडी लागते हे बहुतेकांना ठाऊक असतं. इंग्लंड, जर्मनी, न्यू जर्सी इथे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अंगणात थंडीला काही तोटा नाही. तरी पहिल्या वर्षी डौलात फुललेला ट्यूलिप दुसऱ्या वर्षी नुसती पानं काढतो आणि तिसऱ्या वर्षी दिसेनासा होतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. दोष बहुतेक वेळा हिवाळ्याचा नसतो. झोपी गेलेल्या कंदाला जुलै-ऑगस्टमध्ये पाणी मिळालेलं असतं. म्हणून या लेखात थंडीपेक्षा उन्हाळ्याबद्दल जास्त सांगणार आहे.

रानट्यूलिप म्हणजे कोणता?

ट्यूलिपच्या रानटी प्रजाती कशा मोजायच्या यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण आकडा साधारण ७५ ते १०० च्या दरम्यान धरतात. स्पेनपासून पश्चिम चीनपर्यंत त्या पसरलेल्या आहेत. सर्वांत दाटी तिएन शान आणि पामीर-अलाय या पर्वतरांगांत. दुकानात गुच्छाने मिळतो तो उंच दांड्याचा, पेल्याच्या आकाराचा ट्यूलिप संकरित असतो. आधी उस्मानी तुर्कांनी आणि मग डच लोकांनी कित्येक पिढ्या निवड करून तो घडवला. रानटी भाऊबंद बहुधा १० ते ३० सेंमी उंचीचे. फुलं लहान, पाकळ्या टोकदार, आणि भर दुपारच्या उन्हात ती चांदणीसारखी सपाट उघडतात. ढग आला की मिटतात. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने वाढते आणि पाकळी बाहेर वळते. गारव्यात उलट घडतं. त्यामुळे रानट्यूलिप अशा जागी लावा की दुपारी ऊन त्यांच्यावर असेल आणि तुमची नजरही तिथे जाईल. सकाळी आठला कामावर निघून संध्याकाळी परतणाऱ्याला ती आठवडाभर फक्त मिटलेलीच दिसतील.

आणखी एक फरक आहे, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. जागा मानवली तर रानट्यूलिप दरवर्षी परत येतो, त्याचा झुबका वाढत जातो, काही प्रजाती बी पाडून स्वतःच पसरतात. संकरित ट्यूलिपचं बहुतेक बागांत एक-दोन वर्षांत संपतं, म्हणून दर शरदात लोक नवे कंद आणतात.

या फुलांचा आपल्या उपखंडाशी जुना संबंध आहे. बाबराने काबूलच्या डोंगरउतारांवरचे ट्यूलिप मुद्दाम मोजायला लावले होते. बत्तीस-तेहतीस प्रकार निघाले, अशी नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे. जहांगीर १६२० च्या वसंतात काश्मीरला गेला तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं काढली. त्यांतलं तांबड्या ट्यूलिपचं एक चित्र आज अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत, ट्यूलिपा क्लुसियाना ही प्रजाती उतारांवर आणि शेतांच्या आसपास उगवते. बाहेरून गुलाबी-तांबडे पट्टे, आतून पांढरी. बारीक अंगाची, फार देखणी.

काश्मीरच्या जुन्या घरांची आणि मशिदींची छपरं तर ट्यूलिपच्या माळ्याने धडा घ्यावा अशी. लाकडावर भूर्जपत्राचे थर आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी ती बांधत. वसंतात त्या मातीत आयरिस आणि ट्यूलिप फुलत. हिवाळाभर छपरावर बर्फ साचतो, वितळताना माती भिजते, आणि उतार असल्यामुळे पाणी तिथे थांबत नाही. उन्हाळ्यात पाऊस पडला तरी उंचावरची ती पातळ माती वाऱ्या-उन्हाने लगेच सुकते. खाली अंगणात ज्या कंदाला ओल बाधली असती तो वर छपरावर सुखाने राहतो. बागेत आपल्याला हेच छप्पर जमिनीवर उभं करायचं आहे.

कंदाच्या आत वर्षभर काय चालतं

ट्यूलिपचा कंद दिसायला कांद्यासारखाच पापुद्र्यांचा. पण त्याची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: तो दरवर्षी नवा होतो. शरदात लावलेला कंद वसंतात फूल काढताना स्वतःतला साठा पूर्ण संपवतो आणि सुरकुतून जातो. त्याच वेळी त्याच्या पापुद्र्यांच्या बगलेत पुढच्या वर्षाचे कंद भरत असतात. मधला मोठा, बाजूचे बारके. फूल गळाल्यापासून पानं पिवळी पडेपर्यंतचे जे सहा-एक आठवडे मिळतात, तेवढ्यात या नव्या कंदाला सगळं अन्न गोळा करायचं असतं. ते अन्न हिरव्या पानांतूनच येतं. फूल संपल्यावर पानं अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापली, गाठ मारून बांधली किंवा त्यांच्यावरून गवत कापायचं यंत्र फिरवलं, तर कंद अर्धपोटी राहतो. अर्धपोटी कंद पुढच्या वर्षी एकच रुंद पान काढतो, फूल नाही. पान आपोआप वाळून ओढताच हातात येईपर्यंत त्याला हात लावू नये.

पानं वाळली की आपल्याला वाटतं झाड झोपलं. खरं तर या काळात कंदाच्या गाभ्यात सर्वांत महत्त्वाचं काम होतं. कोंबाच्या टोकाशी आधी पानांचे आणि मग फुलाचे सूक्ष्म अंकुर तयार होतात. पाकळ्या, पुंकेसर, बीजांडकोश, सगळं काही मिलिमीटरमध्ये मावेल एवढं. हे काम उबेत होतं, साधारण १७ ते २० अंश सेल्सियस तापमानाला उत्तम. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथे ए. एच. ब्लाऊ यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत कंदांवर तापमानाचा काय परिणाम होतो याचा बारकाईने अभ्यास केला. डच कंद-उद्योगाची गोदामं आजही त्याच पायावर चालतात.

फूल तयार झाल्यावर थंडीची पाळी. शरदात माती गार झाली की कंदाला मुळं फुटतात, आणि मग बारा ते सोळा आठवडे साधारण ९ अंशांखालचं तापमान मिळावं लागतं. थंडीशिवाय फूल बनत नाही असा समज आहे, तो बरोबर नाही. फूल उन्हाळ्यातच बनलेलं असतं. थंडी लागते ती दांडा लांबण्यासाठी. थंडी अपुरी पडली तर फूल पानांच्या बेचक्यातच, जमिनीलगत उमलतं किंवा कळी आतच सुकते. फूल येऊनही दांडा बुटका राहिला, तर त्या कंदाला उन्हाळा मिळाला पण हिवाळा कमी पडला असं समजावं. नुसती पानं आली आणि कंद बारीक होत गेला, तर पानं लवकर गेली किंवा उन्हाळा ओला होता.

ओल्या उन्हाळ्यात बिघडतं ते असं. विश्रांतीत कंदाला मुळं नसतात. ओलाव्याचा त्याला काही उपयोग नसतो, उलट त्याच्या भोवतालच्या बुरशीला तो मिळतो. उबदार, दमट मातीत कंद बुडाकडून कुजायला लागतो. नाशिककडचा शेतकरी रब्बीचा कांदा चाळीत ठेवताना जे सांभाळतो तेच इथे सांभाळायचं: ऊब चालेल, हवा खेळती हवी, पाणी लागता कामा नये. डच शेतकरी पानं वाळल्यावर आपले कंद उपटून गोदामात नेतात तेही यासाठीच. तिथला उन्हाळा पावसाळी आहे. ट्यूलिपचं माहेर असल्यासारखा जो देश ओळखला जातो, त्याच्या उन्हाळ्यात जमिनीत राहणं या फुलाला मानवत नाही, म्हणून तिथे त्याला दरवर्षी कृत्रिम उन्हाळा द्यावा लागतो.

रानातला कंद स्वतःची सोय स्वतः करतो. बीपासून उगवलेला कोवळा किंवा फार वर राहिलेला कंद खालच्या दिशेने एक पोकळ नळी सोडतो आणि पुढच्या वर्षाचा कंद त्या नळीच्या टोकाशी, अधिक खोलवर तयार होतो. असं वर्षामागून वर्ष करत तो जमिनीच्या अशा थरापर्यंत पोहोचतो जिथे हिवाळ्याचा कडाका आणि उन्हाळ्याचा तडाखा दोन्ही सौम्य होतात. काही प्रजातींचे कंद तर सोलायला गेलं की सालीच्या आत लोकरीसारखे केस दिसतात. क्लुसियानाच्या कंदाच्या टोकातून ही लोकर बाहेर डोकावते.

जागा कशी निवडावी, कशी तयार करावी

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे उतरता, दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळणारा कोपरा उत्तम. घराच्या दक्षिण भिंतीलगतची, वळचणीखालची पट्टी तर फारच चांगली. एरवी तिथे काही धड उगवत नाही, कारण छपरामुळे उन्हाळ्याचा पाऊस पोहोचत नाही आणि भिंत तापते. रानट्यूलिपला नेमकं हेच हवं असतं. पानगळीच्या झुडपांच्या पायाशीही तो छान राहतो. वसंतात झुडूप उघडं असतं म्हणून ऊन मिळतं, आणि उन्हाळ्यात झुडपाची मुळं मातीतलं पाणी शोषून ती कोरडी ठेवतात.

टाळायची जागा म्हणजे जिथे उन्हाळाभर पाणी फिरतं. फवाऱ्याच्या टप्प्यात आलेला वाफा, हिरवळीची कड, डेलिया किंवा भाजीपाला. शेजारी हवेत तर कोरड्या वृत्तीचे सोबती निवडा: रांगणारा थाइम, बुटके आयरिस, सेडम.

मातीचा निचरा हा सगळ्यात मोठा प्रश्न. इंग्लंड आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अनेक भागांत अंगणाची माती चिकण असते. अशा मातीत खड्डा खणून तळाशी मूठभर वाळू टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नये आणि घेऊही नये. चिकणमातीतला वाळूचा खड्डा म्हणजे पाणी साठायची जागा. भोवतालच्या मातीतून झिरपलेलं पाणी त्यातच उतरतं आणि कंद त्या डबक्यात बसतो. त्यापेक्षा जमिनीच्या वर २० ते ३० सेंमी उंचीचा गादीवाफा करा. निम्मी बागेतली माती आणि निम्मी धारदार बारीक खडी. समुद्राची किंवा गिलाव्याची मऊ वाळू चालत नाही. तिचे कण गच्च बसतात. हाताला टोचेल अशी, तीन-चार मिलिमीटरची धुतलेली खडी घ्या. माती आम्लधर्मी असेल तर थोडा बागेचा चुना मिसळा, कारण बहुतेक रानट्यूलिप चुनखडीच्या डोंगरांना सरावलेले आहेत. लागवडीनंतर वरून दोन-तीन सेंमी खडीचा थर द्या. पावसाच्या शिंतोड्यांनी चिखल फुलांवर उडत नाही, देठाचा बुंधा कोरडा राहतो आणि गोगलगायींना सरपटायला त्रास होतो.

खताचा हात आखडता ठेवावा. ताजं शेणखत तर नकोच. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, कंद मऊ पडतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. वसंताच्या सुरुवातीला थोडं पोटॅश पुरतं.

लागवड

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ योग्य. डॅफोडिल सप्टेंबरमध्ये लावतात तशी घाई ट्यूलिपला नको. माती गार झाल्यावर लावलेले कंद ट्यूलिप-करपा या बुरशीजन्य रोगापासून बरेचसे वाचतात. कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा. रानट्यूलिपचे कंद लहान असतात, तरी हलक्या मातीत मी १० ते १५ सेंमी खोल लावायच्या बाजूची आहे. टोक वर, बूड खाली, दोन कंदांत सात-आठ सेंमी अंतर. सरळ रेषेत लावू नका. मूठभर कंद जमिनीवर टाकून जिथे पडतील तिथे लावले की डोंगरउतारावरच्यासारखे झुबके दिसतात. एकदा पाणी द्या, म्हणजे मुळं सुटतील. पुढचं हिवाळा बघून घेतो.

वसंतात पालवी वर आल्यापासून पानं पिवळी पडेपर्यंत मात्र पाण्याची हयगय नको. बर्फाचं वितळलेलं पाणी जिथे मिळत नाही आणि एप्रिल कोरडा जातो, तिथे आठवड्यातून एकदा खोल पाणी द्यावं. पान पिवळं पडू लागलं की पाणी बंद, ते थेट शरदापर्यंत.

उन्हाळा फारच ओला असेल आणि गादीवाफ्यानेही भागत नसेल तर दोन मार्ग आहेत. पानं वाळल्यावर कंद काढून, माती झटकून, जाळीच्या पिशवीत हवेशीर सावलीत टांगून ठेवायचे आणि नोव्हेंबरमध्ये परत लावायचे. किंवा मुळातच कुंडीत लावायचे आणि जूनमध्ये कुंडी उचलून वळचणीखाली नेऊन ठेवायची. कुंडी मातीची असावी, खोल असावी, भोक मोठं असावं. फार कडाक्याच्या प्रदेशात, जिथे कुंडी आरपार गोठते, तिथे हिवाळ्यात ती जमिनीत गाडून ठेवणं बरं.

कोणती प्रजाती कुणासाठी

सुरुवात करणाऱ्याने ट्यूलिपा टार्डा आणि ट्यूलिपा तुर्केस्तानिका यांच्यापासून करावी. दोन्ही मध्य आशियातल्या, स्वस्त, सहज मिळणाऱ्या आणि सोशिक. टार्डाचं फूल पिवळं, पाकळीच्या टोकांना पांढरं, जेमतेम १५ सेंमी उंचीवर. तुर्केस्तानिकाच्या एका दांड्यावर अनेक छोटी पांढरी फुलं येतात, मध्यभागी पिवळसर केशरी, आणि ती लवकर फुलते. ट्यूलिपा हुमिलिस तुर्कस्तान-इराणकडची; गुलाबी ते जांभळी. तिला निचरा अगदी चोख लागतो, म्हणून कुंडीत जास्त खुलते. ट्यूलिपा लिनिफोलिया पाहिली की तांबडा रंग म्हणजे काय ते कळतं. अरुंद, नागमोडी कडांची पानं आणि झळाळतं लाल फूल.

ग्रीगी, कॉफमानियाना आणि फोस्टेरियाना या तीन प्रजातींचं रक्त आजच्या पुष्कळ संकरित जातींत आहे. ग्रीगीच्या पानांवर जांभळट पट्टे असतात, त्यामुळे फूल नसतानाही ती ओळखू येते. कॉफमानियाना उन्हात कमळासारखी उघडते. अक्सू-झबागलीच्या परिसरात या दोघी रानात दिसतात. बागेत मात्र त्यांच्या नावाने मिळतात त्या बहुतेक निवडलेल्या किंवा संकरित जाती. त्याही साध्या संकरितांपेक्षा टिकाऊ आहेत.

कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी उन्हाळा कोरडा आहे पण थंडी जेमतेम. तिथे क्लुसियाना, क्रीट बेटावरची सॅक्सॅटिलिस आणि सिल्व्हेस्ट्रिस या तिघी निवडाव्यात. यांना थंडी कमी पुरते. सॅक्सॅटिलिसला तीन गुणसूत्र-संच असल्यामुळे बी धरत नाही. ती जमिनीखालून धावते कोंब पाठवून पसरते. तिला मुळं कोंडून तापलेल्या दगडांत ठेवलं की जास्त फुलते. मोकळ्या, सुपीक जागेत नुसती पानं वाढवते. सिल्व्हेस्ट्रिस पिवळी आणि सुगंधी. युरोपात ती जुन्या बागांत, द्राक्षमळ्यांत रुळलेली आहे. थोडी सावली आणि ओल तिला चालते, मात्र थंड प्रदेशांत फुलायला आढेवेढे घेते.

डेन्व्हर किंवा तत्सम कोरड्या, उंच प्रदेशात राहत असाल तर आपण भाग्यवान आहात. तिथलं हवामान तिएन शानच्या इतकं जवळ आहे की यांतली जवळजवळ कोणतीही प्रजाती सरळ जमिनीत लावावी.

महाराष्ट्राबद्दल स्पष्ट सांगते. इथे रानट्यूलिप वर्षानुवर्षं टिकणार नाही. कंदाला कोरडेपण हवं तेव्हा आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. महाबळेश्वरला थंडी आहे म्हणून अनेकांना आशा वाटते, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हिवाळाही सलग बारा आठवड्यांचा नाही. सह्याद्रीच्या कंदांचं घड्याळच उलटं आहे. दीपकाडी, पांढरी मुसळी, रानहळद हिवाळा-उन्हाळा जमिनीखाली काढतात आणि पावसाच्या चाहुलीने जाग्या होतात. पुण्या-मुंबईत एकदा फुलवण्याची हौस असेल तर कागदी पिशवीत ठेवून कंद फ्रिजमध्ये दहा-बारा आठवडे गार करा आणि डिसेंबरअखेरीस कुंडीत लावा. फ्रिजमध्ये सफरचंद किंवा केळी शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. दिल्लीत दर हिवाळ्यात रस्त्यांकडेला फुलणारे ट्यूलिपही बहुतेक असेच आयात केलेल्या, आधीच थंडी दिलेल्या कंदांचे असतात. फूल येईल, पण तो कंद पुन्हा फुलेल अशी अपेक्षा ठेवू नये. हिमाचल, उत्तराखंड किंवा काश्मीरमध्ये घर असेल तर क्लुसियाना जरूर लावा, उताराच्या वाफ्यावर.

उपद्रव

उंदीर आणि खारी कंद उकरून खातात. कंदांवर बारीक तारेची जाळी पसरून वर माती टाकली की बराच बंदोबस्त होतो. कोंब जाळीतून वर येतात. पानं वाकडीतिकडी, भाजल्यासारखी तपकिरी झाली आणि त्यांवर राखाडी बुरशी दिसली तर तो ट्यूलिप-करपा. ते रोप कंदासकट काढून जाळा किंवा कचऱ्यात द्या, खताच्या ढिगात नको. त्या जागी तीन वर्षं ट्यूलिप लावू नका. पाकळ्यांवर अचानक पिसारल्यासारखे पट्टे उमटले तर तो विषाणू असतो आणि मावा तो पसरवतो. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये याच रोगट पट्ट्यांच्या कंदांना वेड्यासारख्या किमती आल्या आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. विषाणूचं हे रहस्य १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांच्या प्रयोगांमुळे उलगडलं. तुमच्या बागेतला असा कंद सुंदर दिसला तरी काढून टाका, नाहीतर बाकीच्यांना लागण होईल.

कंद हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या ट्यूलिपोसाइड या द्रव्याने बोटांना खाज आणि भेगा पडतात. कुत्र्या-मांजरांनाही कंद विषारी आहेत.

कंद कुठून आणावेत, बी कसं पेरावं

मध्य आशियात रानट्यूलिपवर आज खूप ताण आहे. अतिचराई, बांधकामं, गुच्छांसाठी फुलं खुडणं, विक्रीसाठी कंद उकरणं आणि वाढती उष्णता. अनेक प्रजाती धोक्यात आहेत. ग्रीगीचा समावेश कझाकस्तानच्या संरक्षित वनस्पतींच्या लाल पुस्तकात आहे. म्हणून कंद रोपवाटिकेत वाढवलेला आहे याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्या, आणि प्रवासात डोंगरावरून उकरून आणू नका. इंग्लंडमध्ये असाल तर एप्रिलमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जा; रानटी प्रजातींचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे आणि कोणती प्रजाती आपल्याला भावते ते प्रत्यक्ष पाहून ठरवता येतं.

बागेतल्या माणसांनी एक प्रजाती वाचवलीही आहे. ट्यूलिपा स्प्रेंगेरी उत्तर तुर्कस्तानातल्या अमास्याजवळची. १८९० च्या दशकात ती युरोपात आली, व्यापाऱ्यांनी कंद उकरून नेले, आणि त्या डोंगरांत ती नंतर सापडलेली नाही. आज जगात जी काही स्प्रेंगेरी आहे ती बागांमध्ये, आणि ती प्रामुख्याने बियांपासून टिकली आहे. सगळ्या ट्यूलिपांत ती शेवटी, मेअखेर ते जूनमध्ये फुलते. फूल लाल, पाकळ्यांची पाठ सोनेरी झाक असलेली. सिल्व्हेस्ट्रिससारखी तीही काहीशी सावली आणि उन्हाळ्यातली ओल सहन करते, त्यामुळे ओल्या उन्हाळ्याच्या देशांत माझी पहिली शिफारस तिचीच. कंद महाग मिळतात. बी मात्र स्वस्त, आणि मैत्रीखातर फुकटही.

बी पेरणं अवघड नाही, वेळ लागतो. फूल गळाल्यावर बोंड खुडू नका. उन्हाळ्याच्या मध्याला ते वाळून तीन फाकांत उघडतं, आत चपट्या तपकिरी बियांच्या चळती असतात. शरदात खोल कुंडीत, निम्म्या खडीच्या मिश्रणात बी पेरा, वर खडीचा पातळ थर द्या आणि कुंडी हिवाळाभर उघड्यावर ठेवा. थंडी लागल्याशिवाय ती रुजत नाहीत. वसंतात गवताच्या पात्यासारखं एकेक पान वर येईल. वर्षाची सारी वाढ तेवढीच. खुरपताना ते गवत समजून उपटलं जाण्याचा धोका मोठा, म्हणून कुंडीवर चिठ्ठी लावा. पहिली दोन वर्षं रोपं हलवू नका. पान वाळल्यावर कुंडी सावलीत, जवळजवळ कोरडी ठेवा. मोठ्या कंदासारखी पूर्ण तापवू नका, कारण शेंगदाण्याहून बारीक कंद सुकून जातो. तिसऱ्या शरदात कंद मोकळे करून वाफ्यात लावा. स्प्रेंगेरीला साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी पहिलं फूल येतं, इतर प्रजातींना कधी सातवं वर्षही उजाडतं. त्या पहिल्या फुलाचं बोंडही राखून ठेवा, आणि पिकलेलं बी तिथेच वाफ्यात पडू द्या.